काडी, डबी आणि गणेशखिंड

डाळिंबाचं बी पेरलं तर डाळिंबच उगवतं, पण ज्या झाडाचं फळ आवडलं म्हणून ते बी जपून ठेवलं, त्याच गुणाचं झाड उगवेल याची हमी कुणी देत नाही. दाणा टणक निघतो, रंग फिका पडतो, गोडी उतरते. म्हणून एखादं झाड मनात भरलं की नर्सरीवाला त्याच्या बियांकडे बघत नाही, काडी घेतो. काडीला मूळ फुटलं म्हणजे तेच झाड दुसऱ्या जागी उभं राहिलं. पुण्याच्या आसपासच्या फळबागांचा बराचसा इतिहास असा काडीवर चाललेला आहे. त्या इतिहासाच्या उत्तरार्धात पांढऱ्या पावडरीची एक छोटी डबी येते. नर्सरीत तिला नुसतं ‘हार्मोन’ म्हणतात, कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात ‘संजीवक’.

मांजरीच्या बाजूला आमची नर्सरी आहे. मी सून म्हणून आले तेव्हा सगळा कारभार सासऱ्यांच्या हातात होता. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी झाडांचे दोन भाग पाडले होते, गरीब आणि हट्टी. अंजीर, डाळिंब, द्राक्ष, जास्वंद, मोगरा ही गरीब. हंगाम साधून काडी लावली की मूळ देणारच. आंबा, चिकू, पेरू ही हट्टी. आंब्याचं कोय कलम करा, चिकू रायणीच्या खुंटावर बांधा, पेरूची दाब नाहीतर गुटी करा. नुसती काडी टोचून ही झाडं दाद देत नाहीत. डबी आल्यावरही ही दोन टोकं जिथल्या तिथेच राहिली. नशीब पालटलं ते मधल्या झाडांचं. काही बोगनवेली, गुलाबाचे खुंट, आणि पुढे द्राक्षबागांना सावरणारा डॉगरीज खुंट, ही ती मधली मंडळी.

काडीच्या बुडाला काहीतरी लावून मग ती मातीत खोचायची, ही कल्पना मात्र विलायतेहून आलेली नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. फांदीपासून लावायच्या झाडांची त्यात यादी आहे आणि फांदीला शेणाचा लेप द्यावा असं सांगितलं आहे. यादीत डाळिंब आणि द्राक्ष आहेत, त्याबद्दल आजही कुणाची तक्रार नसेल. फणस आणि जांभूळही आहेत, तिथे मात्र आजचा नर्सरीवाला डोकं खाजवेल. शेणाच्या लेपामुळे कापाचं तोंड लवकर सुकत नाही, एवढा फायदा उघड आहे. आमच्याकडे मामांच्या वडिलांपर्यंत डाळिंबाच्या काडीला शेण-मातीचा काला लावायची रीत होती.

माळ्याची खरी विद्या लेपात नव्हती. ती होती काडी निवडण्यात. गेल्या वर्षीची फांदी घ्यायची, पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नाही आणि फार जून नाही. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, सरळ. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, तिरका, म्हणजे पाणी साठत नाही आणि काडी उलटी लावली जात नाही. अंजिराची काडी कापली की चीक गळतो, तो सुकेपर्यंत सावलीत ठेवायची. पुरंदरच्या डोंगराळ भागात, सासवड-दिव्याकडे, अंजिराच्या बागा अशाच काड्यांवर वाढल्या. ‘पूना फिग’ म्हणून जो वाण पुस्तकात गेला तो त्या भागातला, आणि २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या बागा उभ्या राहिल्या तेव्हा कुणाच्या घरात हार्मोनची डबी नव्हती.

गुटीचंही तसंच. फांदीची अंगठीएवढी साल काढायची, त्यावर माती-शेणाचा गोळा बसवून गोणपाटाने बांधायचं, आणि वरच्या फांदीला भोक पाडलेलं मडकं टांगून सुतळीवरून थेंब थेंब पाणी गोळ्यावर सोडायचं. मूळ नेहमी सालीच्या वरच्या काठातून फुटायचं, खालच्या काठातून नाही. असं का, ते कुणी सांगत नव्हतं. पण गोळा वरच्या काठावर चढवून बांधायचा हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

या हातच्या विद्येला पुण्यात सरकारी बागेची जोड मिळाली ती गणेशखिंडीत. १८७३ मध्ये तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं. जी. मार्शल वुड्रो हे तिथले अधीक्षक, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ते वनस्पतीशास्त्रही शिकवत. हिंदुस्थानातल्या बागकामावरच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. विद्यापीठाच्या रस्त्याने जाणाऱ्या पुणेकरांना ही बाग म्हणजे गर्दीतली एक गार जागा एवढंच माहीत असतं. आज ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे डॉ. जी. एस. चीमा फळझाडांवर काम करत होते. त्यांची पद्धत सांगायला सोपी आणि करायला कंटाळवाणी होती. बियांपासून भरपूर रोपं वाढवायची, प्रत्येकाला नंबर द्यायचा, फळं येईपर्यंत वाट पाहायची, आणि शेकड्यातलं एखादं झाड निवडून बाकीची विसरायची. १९२७ मध्ये लखनौहून आणलेल्या पेरूच्या रोपांतून ४९ नंबरचं झाड असं निवडलं गेलं. तोच ‘लखनौ-४९’, पुढचा ‘सरदार’. १९३६ मध्ये आळंदी डाळिंबाच्या रोपांतून एक झाड निघालं. आळंदीचा दाणा टणक, याचा मऊ. त्याचं नाव ‘जीबीजी-१’, म्हणजे गणेशखिंड बोटॅनिकल गार्डनचं पहिलं. १९७० मध्ये त्याला ‘गणेश’ हे नाव दिलं गेलं. पांढऱ्या साहेबी द्राक्षाच्या रोपांतून निवडलेली ‘चीमा साहेबी’ही याच बागेतली.

आता हिशेब बघा. एका झाडाचं ‘गणेश’ सोलापूर, नगर, नाशिकच्या माळांवर पसरलं ते काडीने आणि गुटीने. निवड करणाऱ्याचं काम एका झाडापाशी संपतं, तिथून पुढे काडीला मूळ फोडणाऱ्याचं काम सुरू होतं. पहिल्याचं नाव इतिहासात राहिलं, दुसरे हजारो माळी आणि बायका पिशव्या भरत राहिल्या.

ज्या काळात गणेशखिंडीत डाळिंबाची रोपं निवडली जात होती, नेमक्या त्याच काळात मुळाचं कोडं जगाच्या दुसऱ्या बाजूला सुटत होतं. १९२५ मध्ये हॉलंडच्या व्हान देर लेक यांनी दाखवलं की द्राक्षासारख्या काडीवरचा फुटणारा डोळा त्याच्या खालच्या भागात मूळ फुटायला मदत करतो. डोळ्यातून काहीतरी खाली उतरतं, असा त्याचा अर्थ. डोळ्याखालीच काप घेण्याच्या माळ्याच्या रीतीला हे शास्त्राचं उत्तर मिळालं, आणि गुटीत वरच्याच काठाला मूळ का, तेही कळलं. १९२९ मध्ये फ्रिट्झ वेंट जावा बेटावर काम करत होता. त्याने अकॅलिफाच्या पानांचा अर्क काढून काड्यांना लावला आणि मुळं वाढलेली पाहिली. पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला जो तांबड्या पानांचा अकॅलिफा दिसतो, त्याच कुळातलं झाड. १९३४ मध्ये कोगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या लघवीतून इंडोल ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आयएए, वेगळं केलं. मूळ फोडणारा पदार्थ तो हाच, हे लगोलग सिद्ध झालं.

आयएए नर्सरीच्या कामाचं नव्हतं. उजेडात ते लवकर नासतं आणि झाडही आपल्या अंगातलं आयएए मोडून टाकतं. उपाय निघाला १९३५ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या योंकर्स गावातल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेत. झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक ॲसिड आणि नॅप्थालिन ॲसेटिक ॲसिड ही दोन रसायनं काडीवर वापरून दाखवली. ही जास्त टिकतात आणि मूळही जोमाने फोडतात. त्यातलं पहिलं, म्हणजे आयबीए, आजपर्यंत जगभरच्या नर्सऱ्यांचं मुख्य औषध राहिलं आहे. योंकर्सचा तो निष्कर्ष आणि गणेशखिंडीतली ‘जीबीजी-१’ची निवड यांत फक्त एका वर्षाचं अंतर आहे.

मामांच्या कपाटात होती ती मे अँड बेकर कंपनीची सेराडिक्स. शंखजिऱ्याच्या पुडीत आयबीए मिसळलेलं, आणि नंबर तीन. एक नंबर कोवळ्या काडीला, दोन नंबर निमजून काडीला, तीन नंबर जून लाकडाला. आज बाजारात निरनिराळ्या नावांच्या पावडरी मिळतात, त्यांच्यामागेही साधारण हाच हिशेब असतो: कोवळ्याला ०.१ टक्का, मधल्याला ०.३, जून काडीला ०.८. नंबर चुकवून कोवळ्या काडीला जून लाकडाची पावडर लावली तर बूड काळं पडतं आणि मूळ फुटायच्या आत काडी कुजते. जास्त औषध म्हणजे जास्त मुळं, हा हिशेब इथे चालत नाही.

मामांचं काम बघण्यासारखं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत काड्या कापायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या. सावलीला पाट टाकून बसायचे. डबीतली पावडर चमचाभर एका कागदावर काढायची आणि डबी लगेच बंद. काडी कधीच डबीत बुडवायची नाही. काडीचं बूड ओल्या फडक्याला नुसतं टेकवायचं, मग कागदावरच्या पावडरीत अर्धा इंच फिरवायचं आणि पाटाच्या कडेवर एकदा टिचकी मारून जादा पावडर झाडून टाकायची. वाफ्यात आधी खुंटीने भोक पाडायचं, मग काडी त्यात अलगद सोडायची, म्हणजे पावडर वाळूला घासून वर राहत नाही. शेवटी दोन्ही अंगठ्यांनी माती दाबायची. कागदावर उरलेली पावडर परत डबीत जायची नाही, ती फेकायची. नवीन आलेला गडी ती वाचवायला बघायचा, आणि मामा त्याला ओरडायचे. कारण त्या उरलेल्या पावडरीत काडीची ओल, चीक आणि बुरशी उतरलेली असते. ती डबीत गेली की सगळी डबी नासते.

डबी ठेवायची जागाही ठरलेली होती. तेव्हा घरात फ्रीज नव्हता. पुण्याचा एप्रिल-मे चाळिशी गाठतो, त्यानंतरचे चार महिने भिंतींनाही ओल येते. पत्र्याच्या शेडमध्ये डबी ठेवली तर दोन्ही ऋतू तिच्या मुळावर उठणार. मामा डबी मोठ्या पितळी डब्यात ठेवत, सोबत कळीच्या चुन्याचे खडे फडक्यात बांधून टाकत, आणि तो डबा माजघरात, उजेड येत नाही अशा फळीवर. चुना ओल ओढून घेतो. विरघळून पीठ झाला की खडे बदलायचे. डब्याच्या झाकणावर खडूने महिना लिहिलेला असे. शिकलेल्या माणसाने लेबल वाचून जे करायचं, ते मामा अनुभवातून करत होते.

पुढची उडी द्राक्षाने मारली. महाराष्ट्रातली थॉमसन सीडलेस सुरुवातीला स्वतःच्या मुळावर लावली जायची. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेली काडी पिशवीत लावली की रोप तयार. पाण्याची ओढ आणि खारवट जमिनी वाढल्या तशा या वेली थकायला लागल्या, आणि टेक्सासच्या रानद्राक्षातला डॉगरीज हा खुंट बागायतदारांनी जवळ केला. डॉगरीज कोरडं आणि खारट दोन्ही सोसतो, पण काडीला मूळ द्यायला कंजूष. इथे पावडरीपेक्षा द्रावण कामाला आलं. आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही. आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, मग पाणी घालून माप पुरं करायचं. दोन हजार पीपीएम म्हणजे लिटरला दोन ग्रॅम. त्यात काड्यांच्या मोळीचं बूड पाच-दहा सेकंद बुडवायचं, निथळायचं आणि लावायचं. खुंट वाढला की पावसाळा सरताना त्यावर पाचर कलमाने थॉमसन किंवा तिच्यापासून निघालेला वाण बांधायचा.

हे इतक्या झपाट्याने पसरलं त्याचं कारण माझ्या मते जीए. घडाचे मणी लांबवायला द्राक्षवाले जिबरेलिक ॲसिड आधीपासून वापरत होते. ग्रॅमचा काटा, अल्कोहोल, पीपीएमचा हिशेब हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आयबीएची बाटली त्यांना परकी वाटली नाही. फक्त दोन बाटल्या एकाच फळीवर, एकसारख्या झाकणांच्या ठेवणं धोक्याचं, कारण जिबरेलिक ॲसिड मुळाला मदत करत नाही, उलट अडवतं. १९९७ मध्ये मांजरीतच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं आणि खुंटकाडीचं शास्त्र आमच्या दाराशी आलं. तळेगावच्या पॉलिहाउसमधल्या गुलाबाचीही गत अशीच. तिथला नताल ब्रायर हा खुंटही हार्मोन लावूनच मुळावर आणतात.

पुण्यातच या रसायनांचा दुसरा संसार पाषाण रस्त्यावर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मांडला गेला. तिथे काडीऐवजी पेशींचा बारीक तुकडा काचेच्या नळीत, आणि संजीवकं लिटरला काही मिलिग्रॅम. साग, ऊस, बांबू यांच्या ऊतिसंवर्धनावर तिथे काम झालं. १९९० मध्ये नाडगौडा, पराशरामी आणि मस्कारेन्हस यांनी बांबूला नळीतच फुलं आणल्याचं ‘नेचर’मध्ये छापून आलं, तेव्हा जगाने दखल घेतली. एरवी काही जातींचा बांबू दशकानुदशकं फुलत नाही.

ऊतिसंवर्धनाची गरज डाळिंबवाल्यांना पटली ती तेल्यामुळे. तेल्या हा जिवाणूंचा रोग. पानावर, फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, बाग बसते. आणि हा रोग रोगट झाडाच्या काडीतून आणि गुटीतून नव्या बागेत जातो. एका ‘गणेश’चं लाखो झाडांत रूपांतर ज्या वाटेने झालं, तीच वाट रोगालाही मोकळी होती. हार्मोन लावलेल्या रोगट काडीलाही छान मुळं फुटतात, आणि गिऱ्हाइकाला मुळं बघून समाधान वाटतं. सोलापूरला २००५ मध्ये डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालं, निरोगी मातृवृक्षांवर भर आला, प्रयोगशाळेतली रोपं बाजारात आली. या सगळ्यामागे हाच धडा आहे.

आता आमच्या नर्सरीत पितळी डबा नाही, फ्रीज आहे. आयबीएचे स्फटिक आणि तयार द्रावण त्यात, गडद रंगाच्या बाटलीत, घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात राहतं. घरातल्या खाण्याच्या फ्रीजमध्ये नाही, आणि पोरांच्या हाताला लागेल असं तर नाहीच. बाटली बाहेर काढली की आधी तिला खोलीच्या गरमीवर येऊ द्यायची, मग झाकण उघडायचं. नाहीतर आत दव धरतं. पावडर कोरड्या फळीवर चालते, पण गुठळ्या झाल्या, रंग बदलला किंवा मुदत उलटली तर ती टाकून द्यायची. बाल्कनीतल्या चार कुंड्यांसाठी मोठं पाकीट घेणाऱ्यांना मी नेहमी सांगते, सगळ्यात लहान घ्या. अर्धं पाकीट तीन वर्षं कपाटात पडतं आणि चौथ्या वर्षी लोक म्हणतात, हार्मोनचा काही उपयोग नाही. मध, दालचिनी, कोरफड यांची चौकशी रोज होते. दालचिनी बुरशीला थोडी आवरते, पण आयबीएचं काम ती करत नाही. आणि मोगरा-जास्वंदीला मुळात कशाचीच गरज नसते. पावसाळ्यात नीट घेतलेली काडी पुरते.

इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर माझं मत असं झालं आहे, की पुण्याच्या फळबागा डबीने घडवल्या नाहीत. त्या घडवल्या गणेशखिंडीत एकेका झाडाला नंबर देऊन वाट पाहणाऱ्यांनी आणि काडी निवडता येणाऱ्या हातांनी. डबीने त्या हातांचा वेग वाढवला, हे तिचं मोठं काम. मूळ हार्मोन देतं, पण वाण आणि आरोग्य मातृवृक्षच देतो. म्हणून डबी उघडाल त्या दिवशी झाकणावर तारीख लिहा. आणि नर्सरीत रोप घ्यायला याल तेव्हा मुळं बघायच्या आधी आम्हाला विचारा, ही काडी कुठल्या झाडाची? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून रोप घेऊ नका.